संग्राहक : खार

घंटा एकदाच वाजली, पण लांबलचक. बटणावरचं बोट उचलायचं राहून गेल्यासारखी.

भावोजींनी इस्त्री उभी करून ठेवली आणि दार उघडलं. बाहेर अठ्ठ्याहत्तरीच्या आसपासची एक वृद्धा उभी होती. कणा ताठ, पांढरे केस आखूड कापलेले, छातीशी कागदांची जाडजूड फाइल.

"तपासाची कामं घेतात त्या इथेच राहतात ना?"

"या, आत या. धाकटे, कुणीतरी आलंय!"

धाकटी चोपन्न वर्षांची होती. भावोजींच्या बायकोची धाकटी बहीण, म्हणून धाकटी. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती, पण नाव काही सुटलं नव्हतं. विमा कंपनीत वीस वर्षं खोटे दावे हुडकून काढल्यावर धाकटीने खासगी तपासाचं काम धरलं होतं. भावोजी सर्व्हे खात्यातले निवृत्त आरेखक. ते समोरच्या खोलीत राहत आणि तिची टिपणं सुवाच्य अक्षरात उतरवून देत. दोघांमध्ये बोलायला दुसरं फारसं नव्हतं. हाताशी प्रकरण असलं की जेवताना बोलणं व्हायचं. नसलं की नुसता चमच्यांचा आवाज.

पाहुणी खुर्चीच्या टोकाशी बसली आणि तिने फाइल टेबलावर ठेवली.

"माझं नाव पुसलंय कुणीतरी," ती म्हणाली.

ती वनस्पतीशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका होती. उभं आयुष्य तिने झाडाझुडपांचे नमुने गोळा करण्यात घालवलं होतं. वाळवलेला नमुना जाड कागदावर बसवायचा आणि खाली चिठ्ठी लावायची: कुठे मिळाला, कधी, कोणी काढला. अशा कागदाला शीट म्हणतात. तिच्या नावावरची सहाशे चाळीस शीट शहरातल्या वनस्पती संग्रहालयात होती. आता त्या सगळ्यांचे फोटो आणि नोंदी इंटरनेटवर चढवल्या होत्या, आणि पुढच्या शुक्रवारी संग्रहालयाच्या दालनाला तिचं नाव दिलं जाणार होतं.

"रोज सकाळी मी त्यातली आठ-दहा शीट उघडून बघते," प्राध्यापिका म्हणाल्या. "एकटी असते. दुसरं करायचं तरी काय? बुधवारी उघडली, तर संग्राहकाच्या रकान्यात माझं नावच नाही. त्या जागी हा एक शब्द."

त्यांनी छापलेलं पान पुढे सरकवलं. भावोजींनी चष्मा नीट केला.

संग्राहक : खार.

"अशी तीनशे एक्क्याण्णव शीट आहेत. कुणीतरी माझ्यावर खार खाऊन आहे, आणि ते मला तोंडावर ऐकवायचंय."

"जुन्या नोंदी परत आणता येतील ना?" धाकटीने विचारलं.

"पाच मिनिटांचं काम आहे, असं संचालक म्हणतात. त्यांना गवगवा नकोय. पण मला आधी माणूस हवा. जो कोणी असेल त्याला मी तिथे एक दिवस राहू देणार नाही. वेळ पडली तर पोलिसात देईन."

"तुमचं वाईट चिंतणारं कोण आहे?"

प्राध्यापिका खिडकीकडे बघत राहिल्या. "चिंतणारं राहिलंय कोण? माझ्या वयाचे बहुतेक गेले."

"आणि 'खार' म्हटल्यावर आणखी काही आठवतं?"

"नाही," त्या लगेच म्हणाल्या. "काय आठवणार?"

*

संग्रहालय म्हणजे एक दुमजली लांबट इमारत. आत शिरल्याबरोबर कापूर आणि जुन्या कागदाचा वास नाकात भरला. दाराशी बसलेल्या पहारेकऱ्याने वही काढून दाखवली. मंगळवारी अकरा ते दोन बाहेरचं कोणी आत आलं नव्हतं, आतलं कोणी बाहेर गेलं नव्हतं.

संचालक पन्नाशीचे, हसतमुख आणि घाईत होते.

"हा गुन्हा नाहीच मुळी," ते म्हणाले. "नोंदीच्या पानावर संग्राहकाच्या शेजारी मातीचा रकाना आहे. लाल, काळी, खार, असं त्यात लिहायचं असतं. नोंदी दुरुस्त करायला आम्ही एक एआय घेतलाय. त्याने शेजारचा शब्द उचलून इकडे टाकला. संपलं! मॅडमना सांगून बघितलं, पण त्यांना त्यात ध चा मा दिसतो."

"मंगळवारी तुम्ही कुठे होतात?"

"वरच्या दालनात. शुक्रवारच्या समारंभाची रंगीत तालीम होती, अकरा ते दोन. साडेबारा ते एक माझंच भाषण. सगळे होते."

"मॅडमविषयी तुमची काही तक्रार?"

संचालकांचं हसू जरा आखडलं. "मी त्यांचा विद्यार्थी. एक नवी जात मी शोधली आणि निबंधावर पहिलं नाव मॅडमचं लागलं. तेव्हा तशीच रीत होती. पंचवीस वर्षं झाली त्याला. आता मी त्यांच्या नावाची पाटी लावतोय. खार खायची असती तर पाटी लावली असती का?"

"पाटी लावणाऱ्यालाच बहुधा खिळा कुठे टोचतो ते ठाऊक असतं," धाकटी म्हणाली. संचालकांनी घड्याळात पाहिलं.

संगणक सांभाळणारा माणूस तळमजल्यावर, मागच्या खोलीत भेटला. तिशीचा, बोलघेवडा. खोलीत एक लांब टेबल, त्यावर संगणक, आणि वर खाली तोंड करून टांगलेला कॅमेरा.

"ही वेबसाइट जुनी आहे," तो म्हणाला. "एका वेळी एकच शीट उघडते. नाव बदलायचं तर नंबर टाका, शोधा, दुरुस्ती दाबा, रकाना पुसा, नवं लिहा, जतन करा. शेकडो शीटना कोण करणार? म्हणून एआय एजंट घेतला. तो ब्राउझर स्वतः चालवतो, माणसासारखा. मी एकदा करून दाखवलं, त्याने पायऱ्या नोंदवून ठेवल्या. तो झाला वर्कफ्लो. आता नवं काम आलं की नंबरांची यादी द्यायची, नवा शब्द सांगायचा आणि 'पुन्हा चालवा' हे बटण दाबायचं."

"म्हणजे कित्ता गिरवतो," भावोजी म्हणाले.

"अगदी! पण डोळे उघडे ठेवून. पान वेगळं दिसलं, शंका आली, तर थांबून विचारतो. म्हणून संचालकांचं ते मातीचं म्हणणं मला पटत नाही. बदललेली शीट बघा. मातीच्या रकान्यात 'खडक' असेल नाहीतर 'झाडावर' असेल. 'खार' औषधालाही नाही. मग उचलला कुठून?"

"वर्कफ्लो नोंदवला कुठे?"

"इथेच, याच खुर्चीत, दोन महिन्यांपूर्वी. प्रत्येक पायरी मोठ्याने बोलत. एकटा असलो की बडबडायची सवय आहे मला."

"एकटे होतात?"

"हो. म्हणजे..." त्याने खोलीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. "डिंकताई होत्या."

तेव्हा कुठे भावोजींना दिसलं. खिडकीखाली, उंच स्टुलावर, एक बारीक चणीची स्त्री पाठमोरी बसून काहीतरी शिवत होती. इतका वेळ ती त्याच खोलीत होती. भावोजींना स्वतःचंच नवल वाटलं.

"मंगळवारची नोंद दाखवा," धाकटी म्हणाली.

संगणकवाल्याने पडदा तिच्याकडे वळवला. वर्कफ्लो याच मशीनवरून चालवलेला होता. सुरुवात अकरा पाच, शेवट एक बावन्न. दर शीटला पंचवीस सेकंद.

"लॉगिन सगळ्यांचं एकच. मशीन दिवसभर उघडं असतं," तो म्हणाला. "यादी टाइप केलेली नाही. कागदाचा फोटो दिलाय, या वरच्या कॅमेऱ्यातून. एजंट कागद वाचतो आणि फोटो टाकून देतो, म्हणून तो कागद काही आता मिळायचा नाही. यादीत तीनशे ब्याण्णव नंबर होते. बदलली तीनशे एक्क्याण्णव."

"एक का राहिलं?"

"तिथे तो अडला. हे बघा. बारा अडतीस. त्या शीटवर दोन संग्राहक होते, प्रोफेसर आजी आणि कोणी एक वनरक्षक. एजंटने विचारलं, दोन्ही नावं काढू का? बारा बेचाळीसला उत्तर आलंय."

पडद्यावर चारच शब्द होते: नको. बाईंचं राहू दे.

"चार मिनिटं लागली या उत्तराला," धाकटी म्हणाली.

"गेला असेल कोणी पाणी प्यायला."

"तुम्ही त्या वेळी?"

"दालनात. वायर आणायला दोनदा बाहेर पडलो, पण ते साडेअकराच्या आत. नंतर प्रोजेक्टरपाशी अडकलो. संचालक बोलत होते आणि मी त्यांची चित्रं पुढे सरकवत होतो."

धाकटी उठून खिडकीकडे गेली. डिंकताईंनी मान वर केली. चौसष्टीच्या असतील. बोटांवर वाळलेल्या डिंकाची पापुद्र्यांसारखी साल, उजवा पाय काठीसारखा पुढे ताणलेला. वय झालं की गुडघे असेच धरतात, भावोजींच्या मनात आलं.

"किती वर्षं झाली इथे?"

"या स्टुलावर? एक्केचाळीस," डिंकताई म्हणाल्या. आवाज वापरात नसलेल्या कुलपासारखा करकरला. "निवृत्त होऊन चार वर्षं झाली. पण नवी मुलं देठ मोडतात, म्हणून अजून बोलावतात."

त्यांनी वाळलेल्या देठावरून सुई नेली. एक टाका, गाठ, कात्री.

"प्रत्येक देठाला एकच टाका?"

"एक पुरतो. जास्त घातले की कागद फाटतो."

"संगणक वापरता?"

"माझं काम डिंक आणि सुई. फोटो तेवढे काढते. शीट कॅमेऱ्याखाली ठेवायचं, बटण दाबायचं. त्यात काय वापरणं?"

"मंगळवारी वर तालमीला गेला होतात?"

"वर जिने आहेत," डिंकताई म्हणाल्या. मग जरा थांबून, "आणि बोलावलं कुणी होतं?"

"प्राध्यापिकांना ओळखता?"

"बाईंना कोण ओळखत नाही?" त्यांनी पुन्हा सुई ओवायला घेतली. दोनदा दोरा चुकला. "बऱ्या आहेत ना त्या?"

*

पुढचे दोन दिवस धाकटीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. तिने सहाशे चाळीस शीटचे फोटो छापून आणले आणि फरशीवर दोन ढीग केले: बदललेली आणि न बदललेली. भावोजी स्टुलावर बसून चिठ्ठ्या वाचायचे आणि ती ऐकायची.

"झाडाचा शेंडा, सत्तर फूट. कड्याची कपार, उत्तर बाजू. झाडाची ढोली, जमिनीपासून चाळीस फूट. पुन्हा कडा." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "धाकटे, यात काही अर्थ लागत नाही. ज्याला सूड घ्यायचा तो सगळीच सहाशे चाळीस बिघडवेल. अर्धीमुर्धी कशाला?"

"आता दुसरा ढीग वाचा."

"ओढ्याकाठचं गवत. वाटेकडेचं झुडूप. पाणथळीतला लव्हाळा. पायथा. पायथा..."

"तारखा?"

बदललेल्या शीटच्या तारखा सलग पाच वर्षांतल्या होत्या. शेवटची तारीख एक्केचाळीस वर्षांपूर्वीची. त्यानंतरचं एकही शीट बदललेलं नव्हतं, आणि त्यानंतर कडा किंवा शेंडा असा शब्दही कुठल्या चिठ्ठीवर नव्हता.

"वय झालं असेल प्राध्यापिकांचं, चढवेना," भावोजी म्हणाले.

"तेव्हा त्या सदतीस वर्षांच्या होत्या, भावोजी."

भावोजींनी पुन्हा फोटो हातात घेतले. नकाशे काढून काढून त्यांची नजर रेघांवर जायची, अर्थावर नाही. बराच वेळ फोटो पालटत राहिल्यावर ते उगाच म्हणाले, "शिवणाऱ्यानेही धरसोड केलीय. या ढिगात देठाला दोन टाके आहेत, एकमेकांवर फुली मारल्यासारखे. त्या ढिगात एकच."

धाकटी चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबली.

"सगळ्यांना?"

"पन्नासेक बघितली. हो, सगळ्यांना."

तिने कप खाली ठेवला आणि दोन्ही ढिगांपाशी गुडघ्यांवर बसली. तासाभराने उठली तेव्हा तिचा चेहरा प्रकरण सुटल्यावर असतो तसा नव्हता.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," ती पुटपुटली. "उद्या सगळ्यांना बोलवा. त्या मागच्या खोलीतच. वर नको."

*

सकाळी दहा वाजता संचालक, संगणकवाला आणि प्राध्यापिका लांब टेबलाभोवती बसले. डिंकताई आपल्या स्टुलावर होत्या. त्यांनाही बसायला सांगितलंय हे संचालकांच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं.

"मला वेळ कमी आहे," ते म्हणाले.

"मीही वळसे घेत नाही," धाकटी म्हणाली. "खार म्हणजे खारी माती, आणि एआयची चूक, हा पहिला तर्क. तो खोटा. बदललेल्या शीटवर खारी माती कुठेच नाही, शिवाय यंत्राला हाताने यादी दिलेली आहे. खार म्हणजे द्वेष, हा दुसरा तर्क. तोही खोटा. द्वेष करणारा निवड करत बसत नाही. इथे सहाशे चाळीसमधून तीनशे ब्याण्णव वेचून घेतलेली आहेत. सगळी उंचावरची. सगळी पाच वर्षांतली."

प्राध्यापिकांनी भुवया आवळल्या.

"आता वेळ बघा. सगळं सुरळीत झालं असतं तर मला काहीच कळलं नसतं. बटण दाबून कोणीही निघून जाऊ शकत होतं. पण बारा अडतीसला यंत्र थांबलं. त्याने प्रश्न विचारला, आणि उत्तर द्यायला या खुर्चीपाशी कोणीतरी हजर होतं. त्या वेळी संचालक वर भाषण करत होते आणि हे त्यांची चित्रं सरकवत होते. बाहेरून कोणी आलेलं नाही. उत्तराला चार मिनिटं लागली. चार शब्दांना चार मिनिटं. ज्याला कळफलकावर एकेक अक्षर शोधावं लागतं, त्यालाच एवढा वेळ लागतो."

"पण सगळे तर वर होते," संचालक म्हणाले.

"असं तुम्ही मलाही सांगितलंत. सगळे." धाकटी क्षणभर थांबली. "उत्तरात काय लिहिलंय बघा. 'बाईंचं राहू दे.' तुम्ही त्यांना मॅडम म्हणता. हे प्रोफेसर आजी म्हणतात. या इमारतीत त्यांना बाई म्हणणारं एकच माणूस मला भेटलं. त्याच माणसासमोर या वर्कफ्लोची एकेक पायरी मोठ्याने बोलली गेली होती. यादी टाइप न करता कॅमेऱ्याखाली धरायचं त्यालाच सुचलं, कारण ते रोज त्या कॅमेऱ्याखाली शीट धरतं."

खोलीतल्या तिन्ही माना एकदम खिडकीकडे वळल्या. डिंकताईंनी सुई पिनकुशनमध्ये खोचली.

"एका देठाला एक टाका पुरतो, असं तुम्ही म्हणालात," धाकटी हलक्या आवाजात म्हणाली. "पण तीनशे ब्याण्णव शीटवर तुम्ही दोन टाके घातलेत. आजचं नाही ते. या स्टुलावर बसून ती जुनी झाडं शिवलीत, तेव्हाच घातलेत. खूण राहावी म्हणून. यादी करताना तुम्हाला आठवावं लागलं नाही, नुसते टाके बघायचे होते."

"कसली खूण?" प्राध्यापिकांनी विचारलं.

"ती झाडं कोणी उतरवली त्याची. मराठीत खार आणखी एक असते. सरसर झाडावर चढणारी. पाच वर्षं शेंड्यांवर आणि कड्यांवर तुमच्यासाठी कोणीतरी चढत होतं. मग एक दिवस ते चढणं कायमचं थांबलं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी. त्याच वर्षी या स्टुलावर एक पोरगी येऊन बसली, जिचा उजवा पाय वाकत नव्हता."

संगणकवाला आपल्या हातांकडे बघत होता.

"अठराव्या वर्षी लागले मी बाईंकडे," डिंकताई म्हणाल्या. त्या प्राध्यापिकांकडे बघत नव्हत्या, खिडकीतून बाहेर बघत होत्या. "सामान उचलायला. पहिल्याच दिवशी एका फांदीवरचं फूल हवं होतं. कोणी चढेना, मी चढले. बाई खालून ओरडल्या, अरे ही तर खार आहे! मग तेच नाव पडलं. पाच वर्षं मला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारली नाही."

"चिठ्ठीवर एकच नाव लिहायची रीत होती," प्राध्यापिका म्हणाल्या. आवाज शिकवण्याचा होता. "संग्राहक म्हणजे मोहिमेचा प्रमुख. सगळीकडे असंच असतं."

"ठाऊक आहे, बाई. म्हणून कधी बोलले नाही. पण दोन महिन्यांपूर्वी शीट एकामागून एक त्या पडद्यावर चढायला लागली. जग बघणार म्हणाले. मला वाटलं..." त्या थांबल्या. "माझं नाव नव्हतं लिहायचं मला. तुम्ही ठेवलेलं लिहिलं. तुम्ही रोज सकाळी बघता, असं ऐकलं होतं. वाटलं, वाचाल आणि आठवेल. खाली याल. एवढंच."

भावोजींनी टिपणवही मिटली. हे कोणत्या रकान्यात लिहायचं ते त्यांना कळेना. ती स्त्री बुधवारपासून दाराकडे कान लावून बसली असेल, आणि बाईंऐवजी त्या दारातून आले ते आपण दोघं.

"दोन नावांचं ते शीट?" धाकटीने विचारलं.

"त्या दिवशी बाई स्वतः चढल्या होत्या. वनरक्षकाच्या दोराने. दोन टाके मी चुकून घातले होते. यंत्राने विचारलं तेव्हा लक्षात आलं. दुसऱ्याचं आपण कशाला घ्या?"

संचालकांनी घसा साफ केला. "नियमाप्रमाणे नोंदीत फेरफार केल्याबद्दल... म्हणजे मॅडम, तुम्ही म्हणाल तसं. मूळ नोंदी परत आणतो, आणि यांचं कंत्राट..."

"थांबा," प्राध्यापिका म्हणाल्या.

त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून खिडकीपाशी गेल्या आणि स्टुलासमोर उभ्या राहिल्या. दोघींच्या मध्ये तो ताठ पाय होता.

"मला कडा आठवतो," त्या म्हणाल्या. "दोर आठवतो. ओला खडक आठवतो. नाव नाही आठवलं ग. चार दिवस तो शब्द डोळ्यांसमोर होता, तरी नाही आठवलं. मी इथे खाली यायचंच सोडलं होतं, आणि मग का सोडलं तेही विसरून गेले."

डिंकताईंनी मान वर केली. क्षमा झाली की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून समजण्यासारखं नव्हतं.

"यांचं पूर्ण नाव लिहा," प्राध्यापिका संगणकवाल्याला म्हणाल्या. "तीनशे एक्क्याण्णव शीटवर. आधी यांचं, मग माझं. आणि शुक्रवारी पाटी लावायची असेल तर तिच्यावर दोन नावं असतील. नाहीतर पाटी नको."

"पण मॅडम, छापायला गेलीय..."

"मग दुसरी छापा."

संगणकवाल्याने डिंकताईंना नाव विचारलं. सहा वर्षं एका खोलीत बसून त्याला ते माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं, हळू, स्वतःलाच परकं वाटत असल्यासारखं. त्याने तोच वर्कफ्लो उघडला, यादी दिली, नवी नावं लिहिली आणि बटण दाबायला माउस त्यांच्यापुढे केला. डिंकताईंनी तो घेतला नाही. त्यालाच दाबावं लागलं.

ब्राउझर आपोआप उघडला. नंबर, शोध, दुरुस्ती, रकाना पुसला, नावं उमटली, जतन. पंचवीस सेकंद. मग पुढचं शीट.

थोड्या वेळाने संचालकांना फोन आला आणि ते गेले. संगणकवाला कँटीनकडे गेला. प्राध्यापिकांनी खुर्ची ओढून स्टुलाशेजारी घेतली. पडद्यावर एकामागून एक झाडं येत राहिली. प्राध्यापिका मधूनच एखाद्या ठिकाणाचं नाव वाचायच्या. डिंकताई म्हणायच्या, "नाही, हा पलीकडच्या झाडावरचा. चिठ्ठी चुकलीय."

धाकटीने भावोजींना खुणावलं. पण भावोजींचा पाय निघेना. त्यांनी सांगितलं, तू हो पुढे, येतो मी. ते दाराशेजारच्या बाकावर बसून राहिले. कोणी त्यांना थांबा म्हणालं नाही, जा म्हणालं नाही.

पावणेतीन तासांनी शेवटचं शीट आलं. पांढुरकं, पाच पाकळ्यांचं फूल, एका बाजूने चुरगळलेलं. देठावर दोन टाके.

"हे त्या दिवशीचं," प्राध्यापिका म्हणाल्या.

"हो."

"चुरगळलंय."

"मुठीत होतं. पडले तेव्हा."

रकाना पुसला गेला. नावं उमटायला लागली.

"मी दोरावरून खाली उतरले," प्राध्यापिका पडद्याकडे बघतच म्हणाल्या, "तेव्हा तू डोळे मिटून पडली होतीस. मी आधी तुझी मूठ उघडली. फूल काढून कागदात घातलं. मग पायाकडे बघितलं. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही."

डिंकताईंनी बोटावरचा डिंकाचा एक पापुद्रा सोलून काढला.

"मी शुद्धीवर होते, बाई," त्या म्हणाल्या.